माळ्यावरचे दोन कोरे टायर

३ एप्रिल, मंगळवार
मला न विचारता सून ठरवून मोकळी झाली. म्हणे गाडीचे चारही टायर बदलायचे. गाडी कोणाची? ह्यांची. हे गेल्यावर कोणाची? माझी. मग विचारायचं कोणाला? पण चौथी शिकलेल्या बाईला काय कळतंय! म्हणून ही वही. हिला उलटून बोलता येत नाही.

सून लॅबसाठी गावोगाव फिरून लोकांचं रक्त गोळा करते. बर्फाच्या डब्यातून वेळेत पोचवावं लागतं, म्हणून गाडी पळवते. गाडी नाही तर नोकरी नाही, असं साहेबानं बजावलंय. टायर गुळगुळीत झालेत, ब्रेक दाबला की गाडी घसरते म्हणाली. मी म्हटलं, हळू चालव. तर म्हणते, "आई, रक्त खराब होतं." माझं रोज आटतंय, त्याचं कोणाला काय.

निश्चय: टायर मी आणणार. सुनेला वेळ नाही, मुलगा बोटीवर, रविवारी फोनवरून संसार करतो. व्यवहार मलाच बघायला हवा.

५ एप्रिल
शेजारच्या ड्रायव्हरला घेऊन टायरच्या दुकानात गेले. खरबूज दाबून बघतात तसे सगळे टायर अंगठ्यानं दाबले. दुकानदार हसला. हसू दे. महागातले होते, मधले होते, आणि स्वस्तातले परदेशी, ज्यांचं नाव वाचताना शिंक आल्यासारखं होतं.

दुकानदार म्हणाला, "आजी, ही अलॉय चाकं काढा, साधी लोखंडी लावा. लहान माप, टायर स्वस्तात येतील." डोकंच फिरलं. ही चाकं ह्यांनी हौसेनं बसवलेली. टूथब्रश घेऊन एकेक काडी घासायचे. माझ्यासाठी कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही. तरी.

चाकं निघणार नाहीत. सांगून आले.

६ एप्रिल
आठवलं! उगीच नाही मला लोक हुशार म्हणायचे. माळ्यावर दोन टायर आहेत, कोरे. ह्यांनी चाकांबरोबर सहा घेतले होते, हे माप पुढं मिळायचं नाही म्हणून. नंतर उरलेले दोन विकून टाकू म्हणाले, मी विकू दिले नाहीत. चांगली वस्तू अडीनडीला ठेवावी.

नुसते ठेवले नाहीत, जपलेत. पत्र्याखाली तापतात, म्हणून दर उन्हाळ्यात शिवणमशीनचं तेल चोळते. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, मशीन आजही कुरकुर करत नाही. कशामुळे? तेलामुळे. टायर काळेभोर, चेहरा दिसेल असे. नात म्हणाली, "आजी, चिकट लागतायत." तेल आहे, चिकटणारच. कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं.

म्हणजे दोनच विकत घ्यायचे. सुनेला कळेल, सासू काय चीज आहे.

७ एप्रिल
ड्रायव्हरकडून गाडी आणि माळ्यावरचे टायर दुकानात नेले. दुकानदारानं टायरच्या कडेवरचे बनावटीच्या सालाचे आकडे वाचले आणि म्हणाला, "आजी, हे तुमच्या नातीच्या वयाचे असतील. मी बसवणार नाही. रबर आतून मेलंय."
मी म्हटलं, "पाऊलभर न चाललेलं मरेल कशानं?"
"बसून."
बसून मरतं म्हणे! मी कधीची बसूनच आहे. मेले का?

मधल्या भावातले दोन घेतले, बिल घेतलं, आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याला सगळे टकलू म्हणतात. त्यानं माझे दोन मागं बसवले, नवे पुढं. लोकांना पुढचे दिसतात. हवा भरताना म्हणाला, "कोणी विचारलं तर माझं नाव घेऊ नका." भित्रा.

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "चारही नवे ना, आई?" मी म्हटलं, चारही. दोन दुकानातले नवे, दोन घरातले नवे. यात खोटं काय?

१२ एप्रिल
सून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गाडीतून घेऊन गेली. वाटेत म्हणाली, "तुम्ही होता म्हणून झालं, आई. मला सवड नव्हती." लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा अक्कल दाखवली. परतताना म्हणाली, मागून गाडी थरथरतेय, रविवारी दुकानात दाखवते. मी म्हटलं, नवीन आहेत, रुळतील.

१५ एप्रिल, रविवार
सून गाडीची किल्ली घेऊन दुकानात निघालीच होती. मी म्हटलं, नवऱ्याचा फोन यायचाय, घरी थांब. थांबली. टायर मी आणले ते मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त." शेजारीण ऐकत होती, बरं झालं.

दुकानात जायचं राहून गेलं. घाई काय आहे?

१८ एप्रिल
मागचा डावा फुटला. पुलाच्या वळणावर. गाडी गरकन फिरून कठड्याला धडकली. सून शुद्धीवर नाही.

१९ एप्रिल
ऊन फार होतं. रस्ता वाईट. तिचा वेगही असणार. टकलूनं हवा जास्त भरली असेल, मी तेव्हाच बघत होते.

पोलीस पिशवी देऊन गेला. तिचा फोन, एक चप्पल. टायरचं बिल मागितलं. म्हणाला, "चाकं चार, बिल दोनाचं कसं?" मी म्हटलं, बाबा, मी चौथी शिकलेली, मला बिलातलं काय कळतंय.

२२ एप्रिल, रविवार
नात गाडी बघून आली. मागचं डावं अलॉय चाक फुटून तीन तुकडे झालेत. लोखंडी असतं तर ठोकून सरळ झालं असतं, असं कोणीतरी तिला सांगितलं. टायरची सालपटासारखी पट्टी आणून तिनं माझ्यापुढं ठेवली. तशीच हॉस्पिटलात गेली. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

पट्टी हातात घेतली. चुरा बोटांना लागला. साबणानं दोनदा हात धुतले, मशीनच्या तेलाचा वास जात नाही.

मुलाला अजून कोणी कळवलेलं नाही, बोटीवर इथून फोन लागत नाही. नातीनं चार्ज करून ठेवलेला पिशवीतला फोन वाजतोय. त्याचाच. बंद झाला. पुन्हा वाजतोय. घरात मी एकटी.

फोन सुनेचा आहे. मी हात लावणार नाही. तिनंच उचलायचा.