भिंतीपलीकडून मराठी

शनिवार संध्याकाळ, रीडिंगमधलं आमचं घर

आत्ताच लंडनहून घरी पोचलो. लग्नाच्या वाढदिवसासाठी समीरने लंडनमधलं नवं जपानी हॉटेल बुक केलं होतं. जमिनीवर गादी, सरकती दारं, चहाला जड लोखंडी किटली. सगळं कसं शांत. आज दुपारी मी चहा ओतत होते, तेवढ्यात शेजारच्या खोलीत काहीतरी भिंतीवर आदळलं. पाठोपाठ बाईचा आवाज, चक्क मराठीत, "नको ना रे, तोंडावर नको!"

"थांब, मी रिसेप्शनला फोन करतो," समीर म्हणाला. मी कसली थांबतेय! किटली हातातच राहिली. "दार उघडा!" म्हणून शेजारचं दार बडवलं. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने उघडलं. "आमचं घरगुती आहे. तुम्ही जा."

मागे ती. ओठ फाटलेला, हॉटेलच्या किमोनोवर रक्त. ती माझ्याकडे यायला निघाली आणि त्याने केस धरून तिला मागे खेचलं. मी किटली त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, तरी मी किटली पुन्हा उचलली. डोक्यातच घालणार होते. समीरने हात धरला. नसता धरला तर? आणि खरं सांगू, मला घालायचीच होती.

पोलिसांनी त्याला नेलं, माझाही जबाब घेतला. माझ्यावर केस होईल का, माहीत नाही.

"ताई, मी आता कुठे जाऊ?" तिने विचारलं.

"आमच्याकडे."

आत्ता ती वरच्या खोलीत गेली. आतून लॉक केल्याचा आवाज आला. मग नीट लागलंय ना म्हणून हँडल ओढून पाहिल्याचा. तिने तिथे निवांत झोपावं.