सुनंदाबाईंच्या डोक्यावरचा स्लॅब

ऋता आणि राजस या माझ्या मुलांनो, आणि निवृत्तीचा फंड एका खोलीत घालून तिच्या भाड्यावर म्हातारपण काढू पाहणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माझ्या भावाबहिणींनो, आपली तक्रार एकच आहे: आपल्याला खोली विकली, मालकी कोणी दिली नाही.

मी, गुरुदत्त विष्णू नाखरे, वय चौऱ्याहत्तर, राहणार बदलापूर गाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. झटक्याने डावी बाजू गेली. डोकं आणि उजवा हात शाबूत आहेत, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तर भांडायला तरी कोणी मिळालं असतं.

१. माझी पुस्तकं कपाटासह ऋताला. तिने ती वाचली आहेत.

२. बँकेतली ठेव दोघांना निम्मी.

३. उल्हासनगर कॅम्प चारमधली, तिसऱ्या मजल्यावरची खोली. ती कायद्याने माझी आहे का, हे मलाच सांगता येत नाही. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी ती मुकेश दलालामार्फत घेतली. रजिस्ट्रेशनचं विचारलं तर तो हसला. "साहेब, कॅम्पात सगळे नोटरीवरच घेतात. तुम्ही काय वेगळे आहात का?" राज्यघटना तोंडपाठ असलेला मी, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर विश्वास ठेवून मालक झालो. मुकेशला माझ्या मरणाचं कळवू नये.

त्या खोलीत सुनंदाबाई आणि त्यांचे पती हरिचंद्र भाड्याने राहतात. हरिचंद्र माझ्याच कारखान्यातला. कंपनी कामगारांना क्वार्टरमधून काढायला निघाली तेव्हा मी गेटवर गरजलो होतो, "ताबा सोडू नका, कोणीही सांगो." कोणी सोडला नाही, आणि आम्ही जिंकलो. ते भाषण चुकीचं नव्हतं.

आता इमारत धोकादायक ठरली आहे, पावसाळ्यापूर्वी रिकामी करण्याची नोटीस दारावर चिकटली आहे. स्वयंपाकघराच्या छताच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. त्याखाली सुनंदाबाई भाकऱ्या थापतात. मी फोनवर हात जोडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच शिकवलंत ना, ताबा सोडला की माणसाला कोणी मोजत नाही? आता भाषण नको. राहायला जागा दाखवा, लगेच निघते."

फोन ठेवून मी हा कागद लिहायला घेतला.

म्हणून त्या खोलीतला माझा जो काही हक्क असेल किंवा पुढे निघेल, तो मी सुनंदाबाईंना देतो. नोटरीच्या कागदावर असं दान किती टिकेल, ठाऊक नाही.

४. बदलापूर गावातलं हे घर माझ्या नावावर, रजिस्टर्ड आहे. ते ऋता आणि राजस यांना समान. मात्र मागच्या दोन खोल्यांत सुनंदाबाई आणि हरिचंद्र यांना हयातभर, बिनभाड्याने राहण्याचा हक्क राहील. या खोल्या मी आजच देऊ पाहत होतो. राजसने त्यांना कुलूप घातलं. म्हणाला, "बाबा, एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर जात नाही. हे मला तुम्हीच शिकवलंय." मुलगा माझा, वाक्यही माझं, आणि मी खाटेवरून उठून कुलूप फोडू शकत नाही.

५. हा कागद माझ्या मरणानंतरच बोलेल. स्लॅब तोवर थांबेल, असं कोणी लिहून दिलेलं नाही. मी मेल्यावर उदार ठरावं आणि सुनंदाबाई आधीच गाडल्या जाव्यात, असली व्यवस्था मला मान्य नाही. पण अमान्य म्हणण्यापलीकडे माझ्या हाती काही नाही. राजस, तुझ्या हाती आहे. तू बाहेरच्या खोलीत बसला आहेस. सही होताच हे मी तुला वाचायला देणार आहे. वाचून झालं की मागच्या खोल्यांची किल्ली घे, कॅम्प चारला जा, आणि ती सुनंदाबाईंच्या हातात ठेव. आज.

सही: गुरुदत्त विष्णू नाखरे

आमच्यासमोर त्यांनी व त्यांच्यासमोर आम्ही सही केली:
१. दिनानाथ गणपत भोपी, शेजारी
२. माधवी अरुण टेंबे, निवृत्त शिक्षिका, अंबरनाथ पश्चिम

बदलापूर गाव, २२ मे २०२५