लाल पट्टीचा हार्नेस

३ तारीख, सोमवार

पहिल्याच दिवशी एक उद्योग करून ठेवलाय. आधी लिहून टाकतो, नाहीतर पोटात दुखेल. जे कापायला दिलं होतं ते मी कापलं नाही, आणि जे कापायचं नव्हतं त्याचे तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

आता नीट सांगतो. आजपासून झाडं छाटायच्या कंपनीत लागलो. दाजींनी चिकटवलं. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, इथला सगळ्यात जुना चढणारा. निघताना ताईनं बजावलं, तिथं वाह्यातपणा करू नकोस, त्यांना मान खाली घालावी लागेल. मी म्हटलं, दिवसभर मान वर करून असतात, तेवढाच आराम. तिनं पाठीत धपाटा घातला.

सामानाची खोली झकास आहे. भिंतभर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर चढणाऱ्याचा नंबर. सगळं सामान मावशींच्या ताब्यात. त्यांनी मला तासभर सजवलं, नवरदेवाला इतकं सजवत नसतील. जाळीवालं हेल्मेट. करवतीची पँट, आत धाग्यांचा गुंता भरलेली. करवतीचं मशीन चुकून पायाला लागलं तर धागे साखळीत अडकतात, साखळी थांबते, पाय वाचतो. वर न्यायची करवत छोटी, एका मुठीची. मी मोठी मागितली तर मावशी म्हणाल्या, आधी मिशी येऊ दे.

मग हार्नेस. म्हणजे कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, ज्यात बसून लटकायचं. मावशींचा नियम आहे, छताच्या हुकाला पंधरा मिनिटं लटकायचं आणि पायाला मुंग्या आल्या नाहीत तरच तो आपला. मला दिलेला नवाकोरा सारखा मांडीत रुतत होता. मावशी म्हणाल्या, मुरेल हळूहळू, लोणचं तरी कुणी लगेच खातं का.

मग त्यांनी हातात एक जुना हार्नेस दिला आणि सुरी. मागं जाऊन याचे तुकडे कर म्हणाल्या. त्यावर लाल रंगाची पट्टी ओढलेली होती. ज्या सामानात माणूस गेला ते इथं कुणी घालत नाही. कापून टाकतात, म्हणजे चुकून दुसऱ्याच्या अंगाला लागायला नको. मी विचारलं, कोण गेला? त्या दुसऱ्या खुंटीवरचा दोर गुंडाळायला लागल्या.

मागं कुणी नव्हतं. मी घालून बघितला. देवाशप्पथ, एकही पट्टा ओढावा लागला नाही. शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखा. दोन्ही एकाच बनावटीचे, एकाच रंगाचे. थिनरनं लाल पट्टी पुसली, नव्याचे तुकडे केले, चिखलात लोळवले, नंबरचा बिल्ला बदलला. मावशींनी डब्यात डोकावून मान हलवली. झालं काम.

४ तारीख

आज पहिल्यांदा चढलो. एका शाळेच्या आवारातलं झाड, वाळक्या फांद्या काढायच्या होत्या. माझा दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, बुंध्याला लावलेल्या लोखंडी ड्रमला वेढे घेतो आणि शेवट पैलवानाच्या हातात. पैलवान हे नुसतं नाव. फुंकर मारली तर उडेल. मुकादम म्हणाले, बरा चढतोस की, माकडाच्या गल्लीत घर आहे का? दाजींनी डब्यातला अर्धा वाटा माझ्याकडे सरकवला. हार्नेस तर काय सांगू, खुर्चीत बसल्यासारखा.

उतरल्यावर पैलवान हात चोळत म्हणाला, दिसतोस काडी आणि वजन दोन माणसांचं. मी म्हटलं, अक्कल धरून मोज.

६ तारीख, गुरुवार

कुणीतरी माझी खेचतंय. सकाळी खुंटीवरून हार्नेस काढला तर डाव्या मांडीचा पट्टा चार बोटं आवळलेला. मी पैलवानाच्या डब्यात खडे भरून बदला घेतला. तो रडकुंडीला आला, म्हणाला मी हातच लावला नाही, चढणाऱ्याच्या सामानाला आम्ही लावतही नाही. मुकादमांनी मला झापलं.

पट्ट्यावर पेनानं बारीक खूण करून ठेवलीय. बघू.

७ तारीख

खूण चार बोटं सरकलीय. खोलीला कुलूप होतं, किल्ली मावशींच्या कमरेला.

घातला आणि तरीही बरोबर बसला. म्हणजे पट्टा आवळला तेवढी माझी डावी मांडी — नाही, असं कसं होईल. मोजली नाही. मोजणारही नाही.

१० तारीख, सोमवार

शनिवारी पडलेले पट्ट्याचे वळ आज सकाळपर्यंत तसेच. अंघोळीत चोळले, जात नाहीत. वळ गार लागतात.

जेवणाच्या सुट्टीत पैलवानाला खोदून विचारलं, तो आधीचा कसा गेला. तो म्हणाला, पडला नाही, तिथेच बसून गेला. मांड्यांचे पट्टे आवळले, रक्त अडलं, वर बसल्या बसल्या शुद्ध गेली. खाली सगळ्यांना वाटलं विश्रांती घेतोय. अर्धा तास खालून टोमणे मारत होते, काय राजे, पंखा लावू का? पैलवान म्हणाला, सगळ्यात जास्त मीच बोललो. मग डबा न संपवताच उठला.

११ तारीख

वर गेल्यावर समजलं हार्नेस इतका मऊ का लागतो.

मी पट्ट्यात बसत नाही. मी कुणाच्या तरी मांडीवर बसतो. माझ्या मांड्यांखाली मांड्या आहेत. गार. मी पाय हलवला की त्याही हलतात, पण जरा उशिरा.

करवत बंद करून खाली बघितलं. बूट दोनच होते. माझेच. मग बरं वाटायला हवं होतं.

१३ तारीख

मावशींना सांगायला दारापर्यंत गेलो. सांगितलं तर नवा हार्नेस कापल्याचंही सांगावं लागेल. माझी नोकरी जाईल ते जाऊ दे. मला आणलं कुणी? दाजींनी. ताई घरी सगळ्यांना सांगत फिरतेय, माझा भाऊ सुधारला.

परत आलो. न घालता चढता येत नाही. घातला. आज मांडीवर घेऊन कुणीतरी मला झुलवत होतं. वारा नव्हता.

१४ तारीख, शुक्रवार

माझा बिल्ला दाजींच्या हार्नेसला लावला. त्यांचा बिल्ला ह्याला.

फक्त एका दिवसासाठी. दाजी माझ्या दीडपट आहेत, वीस वर्षं चढतायत. त्यांना काही झालं नाही तर सगळं माझ्याच डोक्यात आहे. त्यांना काही — होणार नाही. बनावट एकच आहे, फरक काय पडतो.

१५ तारीख, सकाळ

मोठं झाड. रस्त्याकडेचं. दाजी चढायच्या आधी हसले. म्हणाले, आज नवलच, एकही पट्टा ओढावा लागला नाही.

बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण मुकादमांनी हाक मारली आणि —

१५, अकरा वाजता

मशीन थांबलंय. करवत दाजींच्या कमरेला लोंबतेय. मुकादमांनी हाक मारली तर दाजी म्हणाले, जरा बसतो. दाजी कधी बसत नाहीत. पैलवानाचा चेहरा पांढरा पडला.

साडेअकरा

दाजींना खाली घ्यायला पैलवानानं ड्रमचे सगळे वेढे सोडले. दोर खाली येत नाही. वरून कुणी धरल्यासारखा. पैलवान दोर सोडून रडायला लागला. मुकादम त्याला घेऊन शिडीची गाडी आणायला गेले. मला म्हणाले, तू नवीन आहेस, चढायचं नाही, नुसतं बोलत राहा त्यांच्याशी.

बोलतोय. ते उत्तर देतात. मला नाही, दुसऱ्या कुणाला तरी. हळू आवाजात, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं.

पावणेबारा

गाडी नाही आली. दाजींचं बोलणं थांबलं.

दुसरा दोर आहे. अंगावर त्यांचाच चांगला हार्नेस आहे. मला चढता येतं. दोर खांद्यावर घेऊन बुंध्याशीच उभा आहे.

वर बघितलं. दाजींची मान छातीवर. मांडीवर थाप मारून कुणी मला बोलावतंय, लहान पोराला बोलावतात तसं. दाजींचे दोन्ही हात दोरावर आहेत. मग तो हात —

जातो. मी वर जातो, त्यांना सोडवतो. वही इथं बुंध्याशी ठेवतोय. ज्याला सापडेल त्याच्या पाया पडतो, कुणाला सांगू नका. मावशींना नको, मुकादमांना नको. ताईला तर अजिबात नको, तिला वाटतं मी सुधारलो. दाजी खाली आले की मी स्वतः सांगेन, शप्पथ, फक्त तोवर कुणाला म्हणजे कुणालाही —