दोनशे छप्पनच्या पुढे

१२ मे
आजपासून कामाची नोंद ठेवणार. स्वतःपुरती.

आमच्या हवामान केंद्रात महासंगणक आला. सोळा कपाटं, प्रत्येकात वीस बस. बस म्हणजे डिस्क आणि नेटवर्क कार्डांकडे जाणारे आतले रस्ते. एकूण तीनशे वीस. पण सोबत आलेलं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, दोनशे छप्पनच्या पुढे मोजतच नाही. शेवटची तीन कपाटं आणि तेराव्यातल्या चार बस चालू असून दिसत नाहीत.

केंद्रप्रमुख नंदिनी मॅडमना सांगितलं, तीन दिवसांत करतो. कुही-रामटेकच्या धानपट्ट्यातल्या गावांसाठी पावसाचा अंदाज पंधरा जूनला द्यायचाय. तो पाहून लोक भाताच्या रोपांचे पऱ्हे टाकणार.

१५ मे
तीन दिवस म्हणजे कामाचे तीन दिवस. मध्ये मीटिंग होत्या.

उपाय सापडला. बस क्रमांकाला आठ बिटांची जागा आहे, तिच्यात दोनशे छप्पनच आकडे मावतात; ती सोळाची करायची. मूळ लिहिणाऱ्यांना हे सुचू नये!

१९ मे. ४६ अंश.
मशीन सुरूच झाली नाही. मशीन रूम सांभाळणारे रुपराव म्हणाले, "साहेब, पुन्हा मान टाकून राहिली जी." 'पुन्हा' म्हणायची गरज नव्हती. दोष बहुतेक एसीचा.

२३ मे
चारुशीला जानेवारीत इथे नोकरीला लागली. आज म्हणाली, "सर, क्रमांक मोठा करून काय होईल? कार्डाले आठ बिटांच्या वरचं समजतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक कपाटाले वेगळं डोमेन, म्हणजे वेगळा गट द्या. मग प्रत्येकात शून्यापासून मोजता येते."

मर्यादा तोडायची असते, तिला वळसा घालायचा नसतो, हे तिला शांतपणे समजावलं. आवाज थोडा चढला.

३० मे, दुपारी
तीनशे वीसच्या तीनशे वीस बस दिसल्या! मॅडमना फोन केला. बायकोला, मिनलला, संत्रा बर्फी आणायला सांगितली.

३० मे, संध्याकाळी
दोनशे सत्तावन्नावी बस म्हणजे पहिलीच निघाली. मोजणी फिरून शून्यावर येते. एकाच डिस्कला दोन नावं, आणि मशीननं दोन्ही नावांनी लिहिलं. चाचणीचा सगळा डेटा गेला. बर्फी संपली होती.

३ जून
मॅडम म्हणाल्या, "मले कारण नको, तारीख सांगा." पाच जून सांगितली.

६ जून
डोकं दुखतंय. सुट्टी. मिनल म्हणाली, "अहो, त्या पोरीले एकदा विचारून काहून नाही पाहत?" घरात तांत्रिक विषय काढायचे नाहीत, असं ठरवलं.

९ जून
मॅडमनी काम चारुशीलाकडे दिलं. समांतर प्रयत्न म्हणून असावं. मुख्य काम माझ्याकडेच.

माझा कीबोर्ड कोणीतरी तिच्या टेबलावर नेला.

१२ जून
सोळाही कपाटं दिसली. तिनं डोमेनच वापरली. चौसष्ट ओळी. माझ्या दोन हजार तीनशे होत्या, मेहनत कुठे जास्त हे उघड आहे. रुपराव तिला म्हणाले, "जमवलं वं बाई!" मला कधी म्हणाले नाहीत.

१५ जून
अंदाज गावोगाव गेला.

पुढच्या आठवड्यात मुख्यालयाचे लोक येताहेत. ही मर्यादा केंद्रानं कशी ओलांडली, ते सांगायचंय. तिथे ज्येष्ठ माणसानंच बोलायचं, असा नियम आहे. मी लगेच होकार दिला. शेवटी प्रश्न पहिल्यांदा मीच मांडला होता.

उद्या सकाळी दहाला चारुशीला मला ते समजावून सांगणार आहे. तिनं मला वही घेऊन यायला सांगितलंय.