शेवटच्या घराची पाळी

१० मे, रविवार

फुसा, पोचले बाई एकदाची ओसाकाला. रात्रभर गाडीत बसून कंबरेचा ओंडका झालाय, पण तोंडावरचं हसू जात नाही. तू म्हणालीस, मला काही येता येत नाही, तू सगळं लिहून आण. म्हणून लिहितेय. चार यत्ता शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचताना कुरकुर करायची नाही.

इथली माणसं फार बोलतात. स्टेशनबाहेर रस्ता विचारला तर तिघांनी तीन रस्ते सांगितले आणि मग मला विसरून आपसातच भांडत बसले. मला ते फार आवडलं. आपल्याकडे विचारलं तर लोक आधी बर्फाकडे बघतात, मग बुटांकडे, मग उत्तर देतात.

जागतिक प्रदर्शनामुळे शहरात खोली म्हणून मिळत नाही, पण मला मिळाली. एका गल्लीत समोरासमोर चार-चार लाकडी घरं, त्यातलं एक. मालकीण मासुयोसान, साठीची, गल्लीच्या तोंडाशी राहते. आल्या आल्या चहा केला आणि खोदून खोदून विचारलं. मी कशाला लपवू? सांगितलं, सासू बावीस वर्षं अंथरुणाला खिळून होती, सगळं मी एकटीनं केलं, तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. जानेवारीत गेली. सुतकाचे एकोणपन्नास दिवस पाळले आणि लगेच हे तिकीट काढायच्या मागे लागले. मुलगा म्हणतो टोकियोला ये, नातवंडं सांभाळ. म्हटलं, आता मी कुणाचं काहीही सांभाळणार नाही. पंधरा दिवस पाय मोडेस्तोवर हिंडणार.

मासुयोसान चहा ओतता ओतता थांबली. म्हणाली, बावीस वर्षं! ताई, तुमच्या हातांना सवयच झाली असेल. म्हटलं, झाली होती. मोडली.

११ मे

प्रदर्शन पाहिलं. चंद्रावरून आणलेला दगड बघायला चार तास रांगेत उभी होते. फुसा, तुझ्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड त्याहून देखणा आहे. मागच्या माणसाला तसं म्हटलं तर तो म्हणाला, मावशी, हळू बोला, पुढची माणसं परत फिरतील. म्हटलं, फिरू देत, रांग तरी कमी होईल. एक रस्ता आपोआप पुढे सरकतो, त्यावरून तीनदा गेले. ऑक्टोपसचे गरम गोळे खाल्ले, जीभ भाजली, पुन्हा खाल्ले.

परत आले तर माझ्या दाराला पाळीची पाटी टांगलेली. आपल्याकडे देवळाच्या झाडलोटीची असते ना, तशीच, हातभर दोरीला लाकडी फळी, हात लागून लागून काळी झालेली. चार दिवसांची पाहुणी असले तरी गल्लीत राहतेय, नाही कसं म्हणणार? दोन्ही हातांनी काढून घेतली, वाकून नमस्कार केला आणि आत आणली.

मासुयोसानला विचारलं, कसली पाळी? तिनं उलट विचारलं, आत नेलीत? म्हटलं, मग काय डोक्यावर बांधू? ती खूप हसली. जरा जास्तच हसली.

१२ मे

शेजारी यासोकिची म्हणून तातामी चटया शिवणारे आजोबा आहेत. म्हणाले, आकिताच्या बायका गोऱ्या असतात म्हणे, तुम्ही काय उन्हात राहिलात? म्हटलं, तुम्ही तुमचे दात कुठे विसरलात ते सांगा आधी. मग आमचं जमलं.

पाळी कसली ते त्यांनी सांगितलं. गल्लीच्या टोकाला शेवटच्या घरात एक म्हातारी आहे. रोज दुपारी बारा वाजता दाराशी पेजेचा वाडगा ठेवायचा, आजी, जेवण आणलंय म्हणायचं, निघून यायचं. आत जायचं नाही. मग पाटी पुढच्या घरी टांगायची.

संताप झाला. एक म्हातारी पुरली आणि दुसरी समोर! पण एका दिवसाचं काम. पेज केली, वर खारवलेलं आंबट उमेचं फळ ठेवलं, नेली. घराची लाकडी झडप बंद, दार चार बोटं उघडं. जेवण आणलंय म्हटलं. आतून आवाज आला, उशीर केलास.

फुसा, तो ओसाकाचा आवाज नव्हता. आपल्या खोऱ्यातली बोली. नदीच्या अलीकडची, आपली.

आपल्याकडची कुणी लग्न होऊन इकडे आली असेल. असतात.

१३ मे

सकाळी पाटी यासोकिचींच्या दाराला टांगली आणि किल्ला पाहायला गेले. उंच आहे. वर वाऱ्यात उभी राहिले आणि मोठ्यानं ओरडले, उगाच. एक बाई मुलांना घेऊन लांब सरकली.

परत आले तर पाटी माझ्या दाराला.

आजोबांना जाऊन झापलं. त्यांनी सुई खाली ठेवली, पण मान वर केली नाही. म्हणाले, मी हात लावला नाही, किनुएसान. पाटी ज्याला ते काम येतं त्याच्याकडे राहते. आमच्यात कुणाला येत नाही. मग कोण करत होतं इतके दिवस? म्हणाले, तुमच्या आधी तुमच्याच खोलीत दक्षिणेच्या बेटावरच्या कोचीची एक बाई होती. तिनं सासऱ्याचं नऊ वर्षं केलं होतं. ती कुठेय? त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली.

मी पाटी त्यांच्या शेगडीत घातली. लाकडासारखी जळली. बरं वाटलं.

१४ मे

पाटी दाराला आहे. जळकी नाही.

करणार नाही म्हटलं. बारा वाजेपर्यंत बंदरावर जायचं, जहाजं बघायची. नऊला निघाले. भुयारी गाडीत बसले, हे पक्कं आठवतं, समोरच्या माणसाच्या टोपीला पीस होतं. पुढचं आठवतं ते हे, की मी शेवटच्या घरापुढे उभी आहे, वाडगा हातात, पेज गरम. उमेची बी काढलेली. सासूला घशात अडकायची म्हणून मी काढत असे.

आतून म्हणाली, आज वेळेवर आलीस, सूनबाई.

मी म्हटलं, तुझी सून मेली असं समज. वाडगा उंबऱ्यावर आपटून आले. माझं अख्खं बंदर खाल्लं म्हातारीनं.

१५ मे

आज सकाळी नऊला निघाले, पुन्हा बारा वाजता दाराशी. वेगळ्या वाटेनं निघाले होते. बुटांना बंदरावरची वाळू आहे. म्हणजे मी गेले होते. पाहिलं काहीच नाही. डोळे कुणी वापरले माझे?

पण एक कळलं. दुपारी ही वही घेऊन बसले होते, हात आपोआप उठून चुलीकडे निघाला, संध्याकाळची पेज करायला. पेन्सिल बोटांत होती. म्हणून मी लिहितच राहिले. काहीही. तुझं नाव. लोणचं. दगड. हात थांबला. पेन्सिल चालू असली की हात माझा राहतो.

मूर्ख म्हातारी. लिहिणाऱ्या सुना तिला माहीत नसाव्यात.

१६ मे

आज शुद्धीवर गेले. डाव्या हातात वाडगा, उजव्या हातात पेन्सिल, वही काखेत, दर चार पावलांना भिंतीला टेकवून एक शब्द. आत काय आहे ते बघायचंच होतं.

दाराच्या फटीतून बघितलं. उंबऱ्याच्या आत बायकांचे जोडे. सात जोड. लाकडी खडावा, गवताच्या चपला, कातड्याच्या, एक रबरी. सगळ्यांची टोकं घराच्या आत. एकीनंही आत चढताना वळून ते बाहेरच्या तोंडानं लावले नाहीत. कुणाच्या घरी गेलो की पहिलं हेच करतो ना आपण? परत निघायचं असतं म्हणून.

वाडगा घ्यायला हात आला. म्हाताऱ्या बाईचा नव्हता. माझ्याएवढीचा असेल. हळू आवाजात, दक्षिणेकडच्या बोलीत म्हणाली, उद्या तुम्ही आत या. मी फार दमलेय.

कोचीची.

म्हणजे जिवंत आहे.

१७ मे

मासुयोसानला धरलं. रडली. म्हणाली, कुणी नाही गेलं तर ती आमच्यातल्या एकीला हाक मारते हो. तुम्ही काय, परक्या. तुम्हाला ते काम जमतं. म्हटलं, जमतं आणि आवडतं यात किती अंतर आहे ते मी बावीस वर्षं मोजलंय. ती म्हणाली, रागावू नका ताई. पुढच्या महिन्यात निइगाताची एक बाई येणार आहे, पत्र आलंय, तिनं आईचं केलंय. तोवर तेवढं —

तोवर!

सामान उचलून स्टेशनवर आले. सगळ्या वाटेत लिहीत. फलाटावर आहे. लिहितेय. गाडी समोर उभी. दार उघडं. पेन्सिल आहे तोवर मला कुणी अडवू शकत नाही. चढले की सुटले, फुसा. तुझ्या ओट्यावर बसून हसेन.

पण ती म्हणाली, मी फार दमलेय. मला ठाऊक आहे तो आवाज. तो माझाच. बावीस वर्षं कुणी दाराबाहेरून ऐकला नाही.

गाडी गेली.

मी चढले नाही. बघू या म्हातारी काय करते.

१८ मे, पावणेबारा

तीन पेन्सिली टोकदार केल्या. पेज केली नाही. पहिल्यांदा रिकाम्या हातानं.

उंबऱ्याच्या आत आले. वही जोड्यांच्या फळीवर ठेवून लिहितेय. सातही जोड फिरवून ठेवले, टोकं बाहेर. फिरवताना आत, वरच्या चटयांवर, कुणीतरी श्वास घेतला. एकीनं नाही. पुष्कळ जणींनी.

म्हातारी विचारते, पेज कुठाय.

नाही आणली.

मी जोडे घालूनच वर चढणार आहे. हो, फुसा. तातामीवर. चिखलाच्या बुटांनी. जन्मात कुणाच्या घरात केलं नाही. चोरसुद्धा लाजेल.

—

चढले. वही भिंतीला टेकवून लिहितेय. म्हातारी किंचाळते आहे. जोडे काढ, जोडे काढ, कुठल्या घरची गं तू. कुठल्याच नाही, म्हटलं. चटईवर माझी पावलं काळी उमटली. दर पावलाला ती आकसते. गादीत माणूस नाहीच. नुसता खोलगटपणा. पाठीचा. आणि त्याभोवती सहा जणी गुडघ्यांवर, हातात पळ्या — वाळलेल्या — त्या गेल्या, फार आधीच —

सातवी बघते आहे माझ्याकडे. डोळे ओले.

मनगट धरलं तिचं. ऊठ, म्हटलं. तुझे जोडे फिरवून ठेवलेत. गुडघे वाजले. उठली.

फळीपाशी आलो. डाव्या हातात तिचं मनगट. उजव्यात पेन्सिल. वही फळीवर. मागून म्हातारी म्हणते, सूनबाई. सूनबाई. माझ्या सासूच्या आवाजात. तहान लागलीये. मायेनं. कधी बोलली नाही अशी —

ऐकत नाही.

दार लागलंय. मी उघडं ठेवलं होतं. ओढून उघडायला हात हवा. तिला सोडलं तर ती परत बसेल. दिसतंय मला, गुडघे वाकताहेत तिचे.

तिला सोडणार नाही.

पेन्सिलच सोडते