बर्फावरचा चष्मा

बाबा, मी पनवेलला चष्म्याच्या दुकानात कामाला लागले तेव्हा तुम्ही गव्हाणकडच्या मिठागरात भर उन्हात मीठ ओढत होतात. पांढऱ्या मिठावरून ऊन असं उसळायचं की दिवसभर तुमच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. म्हणून पहिल्या पगारात मी एसटी स्टँडबाहेरच्या गाडीवरून तुम्हाला गॉगल आणला. होते त्यांतला सगळ्यात काळा निवडला. तुम्ही तो लावून बांधावर उभे राहिलात आणि सोबतच्यांना ओरडून सांगितलंत, "बगा रं, माज्या पोरीनं दिलाय! आता ऊन लागत नाय." त्यानंतरचे दोन हंगाम तो तुमच्या डोळ्यांवरून उतरला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात दुकानात एक शाळेतल्या बाई आल्या. हिमालयात हिमनदीवर चढाई शिकायला निघाल्या होत्या. त्यांनीही सगळ्यात काळा गॉगल उचलला, तर मालकांनी तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला. "बाई, नुसत्या काळ्या काचेवर जाऊ नका. काळोख वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल, तर ते उलट जास्त आत शिरतात. त्यापेक्षा बिनगॉगलचं, डोळे मिचकावत चाललेलं बरं." मग त्यांनी आतल्या कपाटातून दुसरा काढला. किरण अडवणारी गडद तपकिरी काच, दोन्ही बाजूंना चामड्याच्या झडपा, मागे दोरी. बर्फावरचा उजेड खालून, बाजूनं, कुठूनही डोळ्यात घुसतो, म्हणून झडपा. आणि हा लावून गाडी मात्र चालवायची नाही, एवढी काच गडद. बाई आरशात बघून हसत होत्या. मी बिल लिहायला घेतलं होतं, पण पेन चालेना. मालक बर्फाचं सांगत होते आणि मला मीठ दिसत होतं.

त्या रविवारी तसलाच एक घेऊन मी मिठागरावर येते. तुम्ही तो उलटासुलटा करून बघता. "ह्यो तं टांग्याच्या घोड्याचा हाय गो. मना पयलाच बरा." सगळे हसतात, तुम्हीही हसता. मला एकच वाक्य बोलायचं होतं: मी दिलेला गॉगल डोळ्यांना वाईट आहे, तो काढा. चारचौघांत तुमचं कौतुक मोडवेना. "बरं, राहू दे," म्हणाले आणि परत आले. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. असे किती रविवार गेले.

मग तुमच्या बुबुळावर मांस चढत गेलं आणि मागून मोतीबिंदू. तीस वर्षांच्या उन्हाचा दोष माझ्या गॉगलवर घालता येत नाही, हे मला कळतं. पण किती उन्हाचा आणि किती माझा, हे आता कोण सांगणार? ऑपरेशनची तारीख मिळण्याआधीच भर दुपारी तुम्हाला बांधाची कड दिसली नाही. खुब्याचं हाड मोडलं. चार महिने खाटेवर काढलेत, आणि पावसाळा संपता संपता गेलात.

पण मला लिहायचंय ते पडण्याच्या आधीच्या एका दिवसाबद्दल. मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं उन्हात काम केलंत, डोळ्यांना काही लावत होतात का?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नाही." तुम्ही माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवलीत. मग डॉक्टरांना म्हणालात, "नाय वो. आमी गरीब मानसं, आमाला कुटला गॉगल."

तुम्हाला कधी कळलं होतं, बाबा? मी तेव्हा विचारलं नाही. रिक्षात तुम्ही पावसाचं बोललात, मीही पावसाचंच बोलले.

हा कागद मी दुकानातच ठेवणार आहे. घरी नेला तर आई कुणाकडून तरी वाचून घेईल. तिला अजून वाटतं, सगळं उन्हानंच केलं. ती तसं म्हणते तेव्हा मी हो म्हणते.