बायपाससाठी न्हाई म्हणणारं माणूस पाहिजे

तलवाडा, ता. गेवराई

तीर्थस्वरूप भिवराआक्का हिला धाकट्या विठ्ठलचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, भावजींचा खोकला आणि नेकनूरची समदी मंडळी ठीक असतील असं धरून चालतो. (फोन कावून केला न्हाई म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, आणि हे सांगणं लांबलचक हाय.)

तर आक्का, तुझ्या भावाचं वजन उतरवायचं ऑपरेशन ठरलंय. संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलतो. तिथल्या साध्या काट्यानं मला आकडाच दाखवला न्हाई. सिस्टरला आतून दुसरा आणावा लागला. एकशे अडतीस किलो! आपल्या घराण्यात एवढं कुणीच गाठलं न्हाई (आबासुद्धा एकशे दहावरच थांबलते). डॉक्टरला मात्र त्याचं काहीच कौतुक न्हाई. शुगर अशीच राहिली तर किडनी न्हाईतर काळीज, काहीतरी बसणार म्हणाले.

ऑपरेशनचे प्रकार मला आता पाठ हायेत, पारावर रोज समजावून सांगतो. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून टाकतात आणि केळाएवढी नळी ठेवतात. पण कापलेलं परत बसत न्हाई. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. शुगरला हे लई भारी, पण जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि गोड जास्त झालं की घाम फुटून चक्कर. तिसरा नुसता फुगा. तोंडातून आत सोडतात, काही महिन्यांनी काढतात, आणि बऱ्याच जणांचं वजन परत येतं. (माजी सरपंचाला फुगा शोभत न्हाई.) मी बायपास निवडला. गुडघे, बीपी, घोरणं, समद्याला फरक पडतो म्हणतात. जोड गळू शकतो, रक्ताची गाठ होऊ शकती, क्वचित माणूस दगावतो, हेबी कागदावर लिहून दिलं. मी ऐटीत मान डोलावली.

मग नियम आला: ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ, म्हणजे लिव्हर लहान होतं. डॉक्टरनं सोबत यादीबी दिलती, पण एवढं सोपं कळायला यादी कशाला वाचायची? गेवराईला शहादेवच्या पोरीच्या लग्नात पाचशे माणसांसमोर बुंदीचं ताट माघारी लावलं. पुरीला बोट लावलं न्हाई. फक्त बासुंदी घेतली. घरी आमरस, मटणाचा रस्सा (पीस समदे थोरल्या पोराला, अंगदला दिले), वरून उसाचा रस. चौदा दिवस दातांना काम न्हाई! विठ्ठलराव शब्दाचा पक्का, हे गावानं बघितलं. पुन्हा काट्यावर चढलो तर एकशे बेचाळीस.

डॉक्टरनं चष्मा काढून ठेवला, ऑपरेशन पुढं ढकललं आणि तुझ्या भावजयीला, वच्छलाला, विचारलं की घरात यांना न्हाई म्हणणारं कोण हाय? ती पदराशी चाळा करत बसली. मग मीच छाती फुगवून सांगितलं: वीस वर्षं सरपंच, दहा वर्षं सोसायटीचा चेअरमन, मला न्हाई म्हणायची तालुक्यात कुणाची टाप हाय? डॉक्टर म्हणाले, मग तसं माणूस घेऊन या, त्याशिवाय मी चाकू लावणार न्हाई. दवाखान्यातून गावापर्यंत मी एकेकाचं नाव आठवत आलो. एकबी सापडलं न्हाई, आक्का.

भावजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठलराव (माजी सरपंच)

ता. क. १ : सोमवारपासून दोन आठवडे परत पातळ. ह्या बारीला डॉक्टरच्या यादीतलंच. तू ये. गाडी पाठवतो.

ता. क. २ : ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागती. वच्छला पेन धरला की रडती. तू कर. मला लई भ्या वाटतंय. गावात कुणाला बोलू नको.

ता. क. ३ : गाडीत मोकळा डबा दिसला आणि ड्रायव्हर तुझ्या हातच्या धपाट्यांचं काही बोलला, तर डबा मीच ठेवलाय. मोकळाच परत आण.